मुक्या खाडीतली धाकलीबाय

उभा जन्म म्युनिसिपालिटीच्या शाळेत ओरडण्यात गेला माझा. एका वर्गात साठ-सत्तर पोरं, पलीकडच्या वर्गात तेवढीच, मध्ये एक लाकडी पार्टिशन. ओरडल्याशिवाय शिकवताच यायचं नाही. घरीही तेच. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीतली माणसं. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात राहून वडिलांना कमी ऐकू यायचं, म्हणून सगळं घरच टिपेला जाऊन बोलायचं. नवरा म्हणायचा, तुला गप्प करील असा माणूस अजून जन्मायचाय. मी म्हणायचे, जन्मून गेला. आणि तो बाप्या नव्हता, बाई होती. शीव कोळीवाड्यातली धाकलीबाय.

धाकली ती सासरच्या नात्यानं. धाकट्या दिराची बायको म्हणून कुणीतरी कधीतरी धाकली म्हटलं आणि तेच चिकटलं. मी पाहिली तेव्हा पन्नाशीला टेकली होती, थोरल्या जावा-दीर सगळे जाऊन घरात वडीलधारी तीच उरली होती, तरी सगळा कोळीवाडा तिला धाकलीबायच म्हणायचा. खरं नाव मलाही कधी कळलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही, त्याला मी काय करू?

माझी पहिली नेमणूक त्या बाजूच्या शाळेत झाली. ट्रामनं दादर, पुढे बस, मग चालायचं. हजेरी घ्यायला बसावं तर अर्धा वर्ग गायब. एक दिवस तिरीमिरीत उठले आणि पोरांना शोधत थेट कोळीवाड्यात शिरले. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक बाई जाळं दुरुस्त करत बसली होती. काष्टा घट्ट मारलेला, अंबाड्यात अबोली, पायाचा अंगठा जाळ्यात अडकवून ताण दिलेला. मी तरातरा विचारलं, "ह्या मुलांचे आईबाप कुठं आहेत?"

तिनं मान वर केली. "पोरं व्हय? खारीवर गेल्यान. तू कनची गो?"

खाडीला खारी, होडीला होरी, अशी तिची बोली. मी म्हटलं, शाळेतली बाई. ती म्हणाली, ते कललं, कनची ते विचारते. जात विचारत होती. आता उगाच खोटं कशाला सांगू, सगळेच विचारायचे. मी सांगितली. सांगताना मान आपोआप ताठ व्हायची माझी, समोरचं माणूस काय करतंय ते बघायला. शाळेत पाण्याचा पेला माझ्यापुरता वेगळा ठेवणारी माणसं होती, तेव्हा ती सवयच लागली होती.

"बरं," ती म्हणाली. "पवता येतं कं?"

"नाही."

"मंग होरीत मधोमध बसायचं. चल, दावते तुजी पोरं."

झालं! माझी आणि तिची ओळख झाली ती एवढीच. पुढे ती मला 'मास्तरीन' म्हणायला लागली आणि मी तिला मावशी.

आता तिची होडी. नवरा फार लवकर गेला. मूलबाळ नाही. होडी मागे उरली. बायकांनी मासळी विकायची, बाप्यांनी होडी काढायची, हा कोळीवाड्याचा रिवाज; पण हिनं ना होडी विकली ना दिराच्या हाती दिली. स्वतः बांबू घेतला आणि निघाली. लोक बोलले असतील. बोलतातच. पण धाकलीबायशी भांडायची टाप कुणाची होती? शीवच्या बाजारात ती बसली की तिचा आवाज पार स्टेशनापर्यंत जायचा. गिऱ्हाईकानं कोलंबीला बोट लावून वास घेतला की सगळा बाजार कान टवकारायचा, आता ही काय बोलते ते ऐकायला. "वास घेतस तं अत्तरवाल्याकडं जा की रं!" गिऱ्हाईक ओशाळायचं आणि घेऊन जायचं, दुसरीकडे मुळीच जायचं नाही. दिवसाच्या अखेरीला तिची टोपली रिकामी आणि घसा शाबूत.

आणि हीच बाई मुक्या खाडीत शिरली की मिटायची.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोळीवाड्याच्या मागे चिखल आणि तिवरांचं रान होतं. त्या रानातून एक अरुंद पाण्याची वाट नागमोडी जायची आणि पुढे मोठ्या खाडीला मिळायची. मोठी खाडी म्हणजे केवढी? नदीच म्हणा, आणि तीही नुसती भरलेली, पलीकडचा काठ धुरकट दिसायचा. मावरं, म्हणजे मासळी, सगळं तिकडे. कोळीवाड्याला तिथे जायला ही एवढी एकच वाट. दोन्ही बाजूंची तिवरं वर एकमेकांत गुंतलेली, आत हिरवा अंधार, चिखलात निवट्या उड्या मारतायत, कडेला चिंबोऱ्या. आणि ज्येष्ठ लागला की त्या तिवरांवर बगळे यायचे. शेकड्यांनी. काटक्यांची वेडीवाकडी घरटी बांधायची, अंडी घालायची, पिल्लं वाढवून भादव्याच्या अखेरीला निघून जायचे. ते चार महिने त्या वाटेत कुणी बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, वल्हं मारायचं नाही. बांबूनं चिखल रेटत होडी न्यायची. म्हणून ती मुकी खाडी.

नियम सगळ्यांचा, पण राखण धाकलीबायची. त्या महिन्यांत जो कोणी होडीत पाय ठेवील त्याच्या हातावर ती एक अख्खी सुपारी ठेवायची. पहिल्या दिवशी माझ्याही ठेवली.

"गालात धर. चावायची नाय, गिलायची नाय. मोठे खारीला लागलो का थुकायची."

"कशाला?"

"तोंडात कायतरी असलं का मानूस बोलत नाय. तू तं लयच बोलतस."

"पण न बोलायला झालंय काय?"

तिनं वर बोट केलं. "लेकी बालंतपनाला आल्यान. घरात बालंतीन असली तं दारात ढोल बडवतस कं?"

मी सुपारी गालात धरली. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या आयुष्यात इतका वेळ गप्प बसले. वरून पिल्लांचा किलबिलाट म्हणावा तर तसा गोड नाही, चांगला कर्कश. वासही यायचा, उगाच कशाला नटवून सांगू! पण पानांच्या फटीतून पांढरी पिसं खाली तरंगत यायची, आणि ही एवढी भांडकुदळ बाई बांबू पाण्यात असा उतरवायची की थेंब वाजू नये. मोठ्या खाडीवर बाहेर पडलो. तिथे माझी सगळी वानरसेना एका फुटक्या होडीत बसून मासे धरत होती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि सुपारी टुणकन पाण्यात पडली. धाकलीबाय इतकी हसली, इतकी हसली की पोरंही हसायला लागली. मग मला राग तरी कसा यावा?

तिच्या घरात एक पुतण्या होता, पांडू. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलेला, तेव्हा विशी-बाविशीचा दांडगा गडी. मावरं धरायचा, आणि उरलेला सगळा वेळ चळवळीला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. भिंती घोषणांनी रंगलेल्या, नाक्यानाक्यावर सभा. पांडूचा आवाज म्हणजे देणगी होती. सभेत भोंगा बिघडला की पांडूला वर चढवायचे. "संयुक्त महाराष्ट्र..." असं त्यानं म्हटलं की मागच्या गल्लीतलीही माणसं "झालाच पाहिजे!" म्हणायची, सभेला आलेली नसताना. धाकलीबायला त्याचा अभिमान वाटायचा आणि वैतागही यायचा. "ह्याला दोन सुपाऱ्या लागतान," म्हणायची, "एक एक गालात एक एक."

गोळीबार झाला त्या दिवशी मी शाळेतच अडकले. दुपारीच शाळा सोडली, बस नाही, ट्राम नाही, परळ-लालबागच्या बाजूनं काय काय ऐकू येत होतं. धाकलीबाय स्वतः येऊन मला घेऊन गेली. "डिलाईल रोडला जातस? येडी जालीस कं?" पांडू सकाळीच फोर्टाकडे मोर्चात गेला होता. संध्याकाळ झाली, आला नाही. ती चुलीपाशी बसली आणि बोंबील साफ करायला लागली. साफ केलेले पुन्हा साफ करत होती. मी म्हटलं, मावशी, झाले की ते. म्हणाली, असू दे. रात्रभर तिनं त्याचं नाव काढलं नाही. मला घरची काळजी होती, माझे वडील, भाऊ. पण तिचा चेहरा बघून मी माझी काळजी गिळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पांडू दारात उभा राहिला. सदरा फाटलेला, एक चप्पल नाही. तिनं दोरीवरचं ओलं जाळं ओढलं आणि तेच त्याच्या पाठीत घातलं. एकदा, दोनदा. तो काही बोलायला गेला तर घशातून नुसती हवा. ओरडून ओरडून आवाज पार गेला होता. मग तिनं जाळं टाकलं, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ढसढसा रडली. रडता रडता म्हणते कशी, "बरं जालं. दोन दिस तरी माज्या कानाला आराम." पांडू हसला, तेही बिनआवाजाचं. 

पुढे आमच्या घरातून देव्हारा गेला आणि बुद्धाची तसबीर आली. मी तिला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. विचारलं, "मंग आथा ते तुजे सोमवार-बिमवार?" म्हटलं, सुटले. "बरं जालं," म्हणाली, "सोमवारी जिताडा मिलतो चांगला." तेव्हापासून सोमवारी माझ्या डब्यात काय असायचं ते शाळेत सगळ्यांना वासावरून कळायचं.

आणि मग तो रस्ता आला.

शहरातून बाहेर जाणारा नवा मोठा रस्ता. उंच बांध घालून, खाजणातून, थेट मुक्या खाडीच्या तोंडावरून. होड्यांची ये-जा असेल तिथे पूल ठेवायचा, नसेल तिथे भराव टाकून बुजवायचं, असं वरून ठरलं होतं. कोळीवाड्यात कुणाला पत्ता नाही. खांब रोवले, दोऱ्या ताणल्या, तरी लोकांना वाटलं मिठागराचं काहीतरी असेल.

श्रावणातली गोष्ट. दुपारच्या सुट्टीत एक साहेब पाणी मागायला शाळेत आले. गिरगावातले, बोलके, हातात छत्री, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. पाणी पिऊन झालं तरी निघेनात. बोलायला माणूस मिळालं नव्हतं बहुतेक. म्हणाले, "काय हो बाई, इथले कोळी हल्ली होड्या काढत नाहीत का? आठवडाभर येतोय, त्या ओहोळाच्या काठी तासन्‌तास उभा राहतोय. एक होडी दिसेल तर शपथ! एका दृष्टीनं बरंच झालं म्हणा. पुलाचा खर्च वाचला. भराव टाकला की काम झालं."

माझ्या हातातला खडू गळून पडला. म्हटलं, अहो, सगळा कोळीवाडा त्याच वाटेनं जातो! ते समजूत घातल्यासारखे हसले. "बाई, मी डोळ्यांनी बघतोय ना."

शाळा सुटेपर्यंतही थांबले नाही मी. हेडमास्तरांना पोटात दुखतंय सांगितलं आणि पळत सुटले. धाकलीबाय ओट्यावर होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, साहेबांच्या छत्रीसकट. 

"छत्रीवाला?" तिनं विचारलं.

"तोच."

"मीच केलं गो," ती म्हणाली. "मीच टक केलं."

तेव्हा मला सगळं कळलं. ती सून म्हणून नवी आलेली असताना शिकारीचे शौकीन साहेबलोक मोटारीतून यायचे, बंदुका घेऊन. एका वर्षी भर विणीच्या दिवसांत तिच्या नवऱ्यानं बक्षिसीच्या लोभानं त्यांना मुकी खाडी दाखवली. अर्धा दिवस बार उडत होते. "पानी पांडरं जालं होतं," ती सांगायची, "पिसांनी." पुढची दोन वर्षं बगळे आलेच नाहीत. नवऱ्यानं ते मनाला फार लावून घेतलं म्हणे. तेव्हा सासऱ्यानं नियम घातला: लेकी आल्या असताना काठावर परका माणूस दिसला की वाट दाखवायची नाही. पहिल्या होडीतल्या माणसानं बांबू होडीच्या कडेवर एकदा आपटायचा, टक. तो आवाज ऐकला की मागच्या सगळ्या होड्यांनी तिवरांत घुसायचं, फांद्या ओढून घ्यायच्या, आणि परका जाईपर्यंत गप्प बसायचं.

पहिली होडी नेहमी धाकलीबायची. तिला पँटवाला दिसला, हातात लांब काळं काहीतरी. छत्री होती ती, पण लांबून कुणाला काय कळतंय? रोज तिनं टक केलं. रोज अख्खा कोळीवाडा त्या साहेबापासून हाकेच्या अंतरावर, पानांच्या आड, गालात सुपारी धरून बसून राहिला. आणि साहेब रोज मनाशी म्हणत राहिले, होड्या नाहीत.

हसावं का रडावं? मला तर दोन्ही येत होतं.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. पांडू पेटला होता. "उद्या मोर्चा! सगळ्या होड्या काढू, ढोल-ताशे लावू, बांधावर पाचशे मानसं उभी करतो. लालबागवरून पन पोरं येतील. बगतो कसं दिसत नाय त्याला!" पोरांनी टाळ्या दिल्या. आणि खरं सांगते, मलाही त्याचंच पटलं होतं. त्या दिवसांत आम्हाला दुसरा उपाय ठाऊकच नव्हता. काही हवं असलं की ओरडायचं, आणि ओरडल्यानं मिळतही होतं.

धाकलीबाय म्हणाली, "पिल्लं अजून उडत नाय. ढोल वाजला का घाबरून खाली पडतील. चिखलात."

"खारीच बुजली तं पुढच्या वर्षी तुज्या लेकी कुठं येतील, काकी?" पांडूनं विचारलं. "आनि आपन काय खायचं?"

 सगळे तिच्याकडे बघत होते. नियम मोडला तर पाखरं जाणार, नाही मोडला तर वाट जाणार, आणि हा पेच आणला कुणी, तर तिनंच. एक म्हातारा कुजबुजला, बायकांच्या हाती होडी दिली की असंच. तिनं ऐकलं. एरवी तिनं त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी खाली मान घालून घरी गेली.

सकाळी माझ्या शाळेत आली. रात्री घरोघर फिरून मोर्चा एक दिवस पुढे ढकलायला लावला होता म्हणे. डोळे सुजलेले. "मास्तरीन, त्या छत्रीवाल्याला तू सांग. माज्या होरीत बस म्हनावं. मीच दावते त्याला वाट."

परक्याला वाट दाखवायची, तीही विणीच्या दिवसांत, आणि तिनं! 

साहेब आधी तयारच होईनात. "मला पोहता येत नाही हो." धाकलीबाय म्हणाली, "मास्तरनीला पन येत नाय. बसते नं ती?" मग बूट काढले, पँट दुमडली, छत्री मात्र सोडली नाही. मधोमध ते, त्यांच्या मागे मी. तिनं हातावर सुपारी ठेवली. "ही कशाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साहेब, वाद नको, गालात धरा.

आत शिरलो. पाण्याला भरती होती. बांबूचाही आवाज नाही. साहेब पहिल्यांदा मागे-पुढे बघत होते, काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडायचे आणि सुपारी आठवून मिटायचे. मग त्यांनी वर पाहिलं. घरट्यांवर घरटी, त्यांतून माना काढून बसलेली हडकुळी पिल्लं, आणि त्यांच्यावर पंख धरून उभ्या राहिलेल्या त्या आया. साहेबांच्या सदऱ्यावर वरून पचकन पडलं. ते हूं की चूं नाही. पण मग त्यांना शिंक यायला लागली. नाक फुललं, डोळे मिटले, मी मनात म्हटलं, गेलं सगळं! धाकलीबायनं बांबू काखेत धरला, पुढे वाकली आणि त्या साहेबाचं नाक सरळ चिमटीत पकडलं. शिंक जिरेपर्यंत सोडलं नाही. साहेब लालबुंद. मी पदर तोंडात कोंबला.

रानाच्या मध्यावर, जिथून तो काठ दिसतो, तिथे तिनं होडी थांबवली. साहेबांना बोटानं दाखवलं: तिथं तुम्ही उभे होतात. त्यांनी मान हलवली. मग तिनं बांबू होडीच्या कडेवर आपटला. टक, टक. दोनदा. परका गेला की करायची ती खूण.

आधी काहीच झालं नाही. मग उजवीकडची फांदी हलली आणि पानांतून एका होडीचं नाक बाहेर आलं. मग डावीकडून एक. मग मागून, पुढून, जिथे नुसतं रान आहे असं मीही समजत होते तिथून, एकामागून एक होड्या निघत राहिल्या. कुणाचा आवाज नाही. म्हातारे, पोरं, बाया, सगळ्यांचे गाल फुगलेले. पांडूसुद्धा, त्याच्या तर दोन्ही गालांत होती. त्या इवल्याशा वाटेत सगळा कोळीवाडा साहेबांच्या भोवती येऊन उभा राहिला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. वरचं एकही पाखरू उडालं नाही.

 साहेबांनी छत्री आडवी मांडीवर ठेवली आणि हात जोडले. कुणाला जोडले, माणसांना की बगळ्यांना, ते मी विचारलं नाही.

मोठ्या खाडीवर बाहेर पडल्यावर धाकलीबाय पहिल्यांदा बोलली. "चूक तुमची नाय साहेब. माजी. तुमी बंदूकवाले वाटले मना." साहेब म्हणाले, "अहो बाई, छत्री होती हो ती!" आणि दोघंही हसत सुटली. तेवढ्यात मागच्या होडीतून पांडूनं सुपाऱ्या थुंकल्या आणि इतका वेळ दाबलेला आवाज मोकळा सोडला. "संयुक्त महाराष्ट्र..." साऱ्या खाडीवरून "झालाच पाहिजे!" गर्जलं. साहेब सरकारी नोकर. त्यांनी चारी दिशांना पाहिलं. सगळीकडे पाणीच पाणी. मग हळूच, माझ्याकडे न बघता, तेही म्हणाले, "झालाच पाहिजे."

मला वाटलं, जिंकलो.

साहेबांनी पूल हवा असंच लिहिलं, यात शंका नाही. माणूस सच्चा होता. पण वरच्या टेबलांवर जाता जाता पुलाची मोरी झाली. बांधाखालून एक काँक्रीटचं भोक, होडी जेमतेम जाईल एवढं. तेही पाणी अर्ध्यावर असताना. भरतीला भोक बुडणार, ओहोटीला होडी चिखलात रुतणार. हे सांगायला साहेब स्वतः आले. ओट्यावर बसले आणि वर बघेनात. धाकलीबायनं त्यांना जेवायला वाढलं. "पार बुजवनार होते," ती म्हणाली, "त्यापरीस बरं." 

कोळीवाड्यातली पोरं तिला कायम बोल लावत राहिली. म्हणायची, त्या दिवशी ढोल वाजवला असता तर पूल मिळाला असता. मिळालाही असता, कुणी सांगावं? पांडूनं तर कित्येक महिने तिच्याशी अबोला धरला. महाराष्ट्र झाला त्या दिवशी पेढा घेऊन आला, तिच्या पाया पडला, पण त्या विषयावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. मी एकदा तिला विचारलं, मावशी, पुन्हा तशी वेळ आली तर? तिनं जाळ्याची गाठ मारली. म्हणाली, "मना नाय म्हाईत गो." एवढंच. 

माझी बदली झाली, लग्न झालं, वरळीला बिऱ्हाड झालं. जाणं कमी होत गेलं. शेवटची गेले तेव्हा रस्ता सुरू होऊन बरीच वर्षं लोटली होती. धाकट्या मुलीला शेजारी ठेवून एकटीच गेले होते. बांधाच्या अलीकडची तिवरं सुकून गेली होती, पाखरं पलीकडे सरकली होती. बऱ्याच जणांनी होड्या विकून नोकऱ्या धरल्या होत्या. पांडूही एका गोदीत लागला होता. धाकलीबाय घरी नव्हती. शेजारीण म्हणाली, मोरीवर बघ.

मोरीच्या तोंडाशी ती होडीत बसून पाणी अर्ध्यावर यायची वाट बघत होती. केस पांढरेफेक, दात गेलेले. मला पाहून "आली मास्तरीन!" म्हणून ओरडली, तो आवाज मात्र तस्साच. मी चिखलाच्या काठावर उकिडवी बसले. इकडचं तिकडचं बोललो. मला राहवलं नाही. म्हटलं, मावशी, या वयात कशाला ग हे? ह्या बिळातून?

"आरवं परून जावं लागतं गो," ती म्हणाली. "उभ्यानं गेले का आरवी परून गेले, खारीला मिलते नं? मंग जालं तं!"

पाणी चढलं. तिनं बांबू होडीत ठेवला आणि सरळ उताणी झोपली. दोन्ही तळवे वर केले, मोरीच्या छताला टेकवले, आणि छत ढकलत ढकलत होडी आत नेली. आधी तिचं डोकं अंधारात गेलं, मग हात, मग पाय. मी उठले. चिखलातून बांधावर चढले. रस्त्यावरून ट्रकांची रांग चालली होती, एकामागून एक, थांबायला तयार नाहीत. मी एका ड्रायव्हरला हात करून शिव्या खाल्ल्या आणि धावत पलीकडे गेले. कठड्यावरून वाकून खाली बघत राहिले. होडी येईना. 

मग होडीचं नाक दिसलं. मग काँक्रीटला टेकवलेले ते दोन तळवे. होडी सगळी बाहेर आली तशी ती उठून बसली, पाठीवर हात ठेवून जराशी कण्हली, आणि बांबू घेऊन उभी राहिली. समोर मोठी खाडी होती. मी वरून हाक मारणार होते, पण पलीकडच्या तिवरांवर पांढरं पांढरं बसलेलं दिसलं, म्हणून नाही मारली.

ती गेली.